कडी कोणी काढायची

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

खळ्ळ— खण्!

दुपारी पेपर वाचता वाचता डोळा लागला आणि हा आवाज आला. इतका लख्ख, की उठून दार उघडलं. जिन्यात कोणी नाही. पुंडलिकनगरातल्या फ्लॅटचं दार ते — त्याला साखळी कुठली!

आवाज साठ वर्षांपूर्वीचा. माझे वडील गेले, त्यांच्या तेराव्याला आदिनाथच्या आईनं आमच्या दाराची कडी काढली तेव्हाचा. आमच्या बोरखडीत रीतच होती. मयत झाली की घरच्यांनी पुढच्या दाराला बाहेरून कडी लावायची. ये-जा परसदारानं. त्या घरानं पारावर यायचं नाही, कुणाशी बोलायचं नाही. तेराव्याला दुसऱ्या घरचं माणूस येऊन कडी काढायचं, चुलीला आपल्या घरचा इस्तू — विस्तव — द्यायचं. आपली कडी आपण काढायची नाही. आत कितीही कोंडल्यासारखं झालं तरी नाही!

आता ते दारही नाही, गावही नाही. सगळं नाथसागराच्या पाण्याखाली. आणि मला त्याच धरणाच्या ऑफिसात प्रकल्पग्रस्त म्हणून कारकुनी मिळाली. जन्मभर त्या पाण्याची पातळी लिहीत बसलो.

गाव परत उभं केलं ते आदिनाथनं. म्हातारपणी कॉम्प्युटर शिकला पठ्ठ्या! एक वेबसाइट, आणि तिच्या पोटात घराघराचा वेगळा ब्लॉग. जशी घरं होती तशीच मांडलेली. वरच्या आळीत काकासाहेबांचं मोठं घर, ओढ्यापलीकडं आम्ही मेंढरंवाले. मध्ये पार. पार म्हणजे एक प्लगइन. कुणी आपल्या घरात चार ओळी लिहिल्या की त्या आपोआप पारावर दिसायच्या, मग सगळे जमायचे. टोमणे, टवाळी, कुणाचं गुडघ्याचं ऑपरेशन, कुणाच्या नातीचं बारसं.

सप्टेंबरात आदिनाथ गेला. त्या दिवसापासून पारावर चिटपाखरू नाही. दिवाळी आली न् गेली — एक पणती नाही! आम्ही काय आदिनाथच्या तोंडाकडं बघून गावकरी होतो?

त्याची मुलगी रूपा पुण्याला असते. तिचा मेसेज आलाय सकाळी. "आप्पाकाका, साइटची मुदत महिनाअखेर संपतेय. दोन महिने तिथं कोणीच येत नाही. बंद करून टाकते. चालेल ना?"

गाव एकदा बुडताना काठावर उभं राहून पाहिलंय.

४ नोव्हेंबर

आदिनाथ गेल्यापासून मीही काही लिहिलं नव्हतं. हातच उठत नव्हता. आज माझ्या घरात एक ओळ लिहिली — "कुणी आहे का?"

संध्याकाळी पारावर गेलो. कुणाचं उत्तर नाही हे सोडाच — माझी ओळसुद्धा तिथं नाही!

५ नोव्हेंबर

रात्रभर तेच डोक्यात. माझं लिहिलेलं पारावर पोचलं नाही. मग दुसऱ्यांचंही पोचत नसलं तर?

सकाळीच रूपाला फोन लावला. म्हटलं, पोरी, माणसं गेली नसतील, वाट बुजली असेल. पारात बिघाड आहे.

"काका, बाबांशिवाय ते कोणाला कळतं? मला तर एका ओळीचं कळत नाही. आणि ऑफिसातल्या कोणाला सांगू, आमच्या बुडालेल्या गावाचा पार दुरुस्त करून द्या म्हणून?"

"मला पासवर्ड दे."

म्हणाली, "तुम्ही? बघा. पण महिनाअखेरपर्यंतच हं. मला ते रिकामं पान बघवत नाही."

पासवर्ड आला. आदिनाथच्या आईचं नाव.

आता मी त्याच्या खुर्चीत बसल्यासारखा बसलोय. भीती वाटते. आदिनाथ गेला त्या दिवशी मी माझ्या ब्लॉगला कडी लावली होती. तीही सोय केली होती त्यानं — घराच्या पानावर "कडी लावा" असं एक बटण. दाबलं की घराला सुतक. रत्नमाला, माझी बायको, गेली तेव्हा मी ते दाबलं होतं, आणि तेराव्याला पहाटे कडी आपोआप निघाली. आदिनाथ सख्खा नव्हे, भावकीतला नव्हे. तरी लावली. कुणाला सांगितलं नाही. लोक म्हणाले असते, तुझा कोण लागतो तो?

७ नोव्हेंबर

इंटरनेटवर मदतीचं पान सापडलं. इंग्रजी. डिक्शनरी घेऊन बसलो. सांगतात — बाकीची प्लगइनं एकेक करून बंद करा, दर वेळी बघा. मग कॅशे, म्हणजे साठून राहिलेली जुनी पानं, रिकामी करा. मग थीम बदला.

प्लगइनं बंद करून पाहिली. फोटोंचं, पंचांगाचं, तारखांचं. काही फरक नाही. कॅशे रिकामी केली. नाही. मग थीम बदलली — आणि गाव गेलं! आळ्या गेल्या, ओढा गेला, आदिनाथनं कडेनं काढलेली बाभळीची झाडं गेली. कोरंकरकरीत पांढरं पान. तोंडातून मोठ्यानं काही निघालं असावं, कारण सूनबाई धावत आली.

"आप्पा! काय झालं?"

"शालू, गाव बुडालं गं!"

ती माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाली, "जुन्या थीमचं नाव आहे की इथं. ती परत लावा." लावली. सगळं जागेवर. बाभळीसुद्धा.

"धरणाच्या ऑफिसात नोकरी केली तुम्ही, आणि गाव बुडालं म्हणून रडता," म्हणाली. हसून म्हणाली, पण मग चहा टाकायला लगेच आत गेली. तिचेही डोळे काही कोरडे नव्हते.

८ नोव्हेंबर

आज काही केलं नाही. तिसरीतली कविता दिवसभर जिभेवर. गुरुजी वर्गाकडून चालीत म्हणून घ्यायचे — एक ओळ मुलं, एक ओळ मुली. मुलींची ओळ ऐकू येत नाही. आपलीच ओळ म्हणत बसलो.

१० नोव्हेंबर

मान सोडला. बानाबाईला फोन केला. आदिनाथची चुलत बहीण, चितेगावला असते, मुलगा तिथल्या कंपनीत आहे. मी म्हटलं, "बाना, दोन महिने झाले, पारावर एक शब्द नाय टाकला तू?"

"म्या?" जी काय उसळली! "म्या रोज लिव्हते! दिवाळीला लिव्हलं, नातवाला ताप आला तवा लिव्हलं. तुमीच मेले कोणी बोलत नाय. म्हनलं, आदिनाथ गेला, आता या म्हातारीला कोन इचारतंय!"

पैठणच्या एस.टी.नं गेलो. दारातच म्हणाली, "आलास व्हय? मला वाटलं, मेलास." आणि मोबाइल पुढ्यात धरला. तिच्या घरात पानंच्या पानं! सगळं बोलून लिहिलेलं, फोनला तोंड लावून. "कोनी हाय का." "आज लई सुनं वाटतंय." "आप्पा, तुझं बरं हाय ना?" — हे ऑक्टोबरातलं. मी तेव्हा गॅलरीत बसून गावाला नावं ठेवत होतो.

पारावर मात्र यातलं काही नाही. मी पारावरून बघत होतो, तीही पारावरून बघत होती. दोघांनाही तो रिकामा. एकमेकांच्या घरी थेट जायचं तर इंग्रजीत पत्ता टाकावा लागतो, तो कुणाला येतोय!

बाना शाळेत कधी आलीच नाही. कोकरं घेऊन खिडकीबाहेर उभी राहायची. पण कविता तिला आमच्याहून पक्क्या. आज भाकऱ्या थापता थापता तिनं मुलींची ओळ म्हटली, मी मुलांची. शेवटच्या कडव्याशी थांबली.

"म्होरलं नाय येत. तवा मेंढरं ओढ्याकडं वळवायची येळ व्हायची."

इतकी वर्षं झाली, हे मला आज कळलं.

११ नोव्हेंबर

सगळ्यांच्या घरात डोकावून बघावं वाटतं. पासवर्ड आहे. पण दुसऱ्याच्या घरात असं परसदारानं शिरणं बरं नव्हे. आधी वाट मोकळी करावी.

१२ नोव्हेंबर

मदतीच्या पानावर माझ्या मोडक्या इंग्रजीत प्रश्न टाकला होता. कुणा परदेशी माणसाचं उत्तर आलं. थोडक्यात असं — एक नवा ब्लॉग करून बघा. नव्यातलं दिसलं आणि जुन्यातलं दिसलं नाही, तर प्लगइन ठीक आहे. मग दोन्हींतला फरक शोधा.

ओढ्यापलीकडं एक नवं घर बांधलं. नाव काय द्यावं? बानाचंच दिलं. दारावर पहिलं काय लिहावं, म्हणून ते शेवटचं कडवं लिहिलं, तिला न येणारं. पाठ होतं, एकही शब्द अडला नाही. बटण दाबलं. पारावर गेलो.

दिसलं!

दोन महिन्यांत पारावर आलेल्या पहिल्या ओळी. मी त्या मोठ्यानं म्हटल्या. शालूनं आतून विचारलं, "कोण आलंय?"

म्हणजे पार धडधाकट आहे. घरांनाच काहीतरी झालंय.

१३ नोव्हेंबर

सापडलं. लगेच लिहून ठेवतो.

नवं घर एका खिडकीत, बानाचं जुनं घर दुसऱ्या खिडकीत. सेटिंगची एकेक ओळ बोटानं जुळवत गेलो, ऑफिसात पातळीचे आकडे जुळवायचो तसा. सगळं सारखं. फक्त एका जागी — "हा ब्लॉग बाहेरच्यांना शोधू देऊ नका." नव्या घरात त्यापुढचा चौकोन रिकामा. जुन्या घरात बरोबरची खूण. ती खूण असली की प्लगइन त्या घरातलं काही पारावर आणतच नाही. बाहेरच्या माणसाला दिसत नाही, घरच्यालाही नाही.

दुसरं घर उघडलं. खूण. तिसरं. खूण. वरची आळी, खालची आळी — आदिनाथचं सोडून प्रत्येक घराला खूण! म्हटलं, कुणी दावा साधला? की अपडेटनं घोटाळा केला? मग माझं घर उघडलं. तिथंही.

आणि एकदम उलगडलं. मी तर तो चौकोन कधी पाहिलाही नव्हता. मी फक्त एकच बटण दाबलं होतं — कडीचं.

बानाला फोन. "बाना, आदिनाथ गेला तवा तू कडी लावली होतीस?"

"लावली की. माजा भाऊ व्हता."

गोकुळला फोन. वरच्या आळीतला, जालन्याला असतो, आदिनाथशी एकदा बांधावरून भांडलेला. आधी नाही नाही म्हणाला. मग — "लावली होती रे आप्पा. माझा कोणी नव्हता. पण लावली. तू हसू नको."

मी कशाला हसतोय!

म्हणजे प्रत्येक घरानं. कुणी कुणाला न सांगता. बोरखडीत पाटील गेला तेव्हाही अख्ख्या गावाला कडी लागली नव्हती.

पण तेराव्याला ती आपोआप का निघाली नाही? शोधलं, खूप शोधलं. कडी लावायचं बटण आहे. काढायचं कुठंच नाही. असं कसं? रूपाला विचारलं. ती म्हणाली, "आपोआप? नाही काका. कुणाचं तेरावं असलं की बाबा पहाटे अंघोळ करायचे, चप्पल बाहेर काढून कॉम्प्युटरसमोर बसायचे. आई म्हणायची, एवढ्या पहाटे कुठं? तर म्हणायचे, कडी काढून येतो."

रीत पाळली त्यानं! घरच्यांच्या हाताशी काढायचं बटणच ठेवलं नाही. सगळ्यांची तो काढत होता, एकटा. रत्नमालेच्या वेळी माझी त्यानंच काढली. काकासाहेबांच्या आई गेल्या, तेव्हा मोठ्या घराचीही त्यानंच. गावात मेंढरंवाल्याच्या पोरानं त्या कडीला हात लावला असता? मोठ्या घरची कडी वरच्या आळीतलंच माणूस काढायचं, आणि त्या घरचं माणूस ओढा ओलांडून आमच्याकडं कधीच आलं नाही. यानं हात लावला, आणि कुणाला सांगितलंही नाही.

आणि तो गेला, तेव्हा सगळ्यांनी कड्या लावून घेतल्या न् आत बसून वाट बघत राहिले — कोणी येऊन काढील म्हणून.

रूपाला हे सांगितलं. पलीकडून नुसतं रडणं. "बाबांसाठी? सगळ्यांनी?"

"सगळ्यांनी."

१४ नोव्हेंबर

पहाटे उठलो, अंघोळ केली. चप्पल बाहेर काढली. एकेका घराची खूण काढत गेलो. एकदम सगळ्यांची काढायची सोय आहे म्हणे. नको. एकेका दारात गेलो, त्या माणसाचं नाव घेतलं, काढली. काढल्यावर आत जे लिहून ठेवलेलं होतं ते वाचलं — आता मी पाहुणा होतो, चोर नव्हे.

घराघरात तेच. "कोणी आहे का." "सगळे रुसले का माझ्यावर." "आदिनाथ, तू नाहीस तर कोणी नाही." गोकुळनं दिवाळीला पणतीचा फोटो टाकलाय, खाली "माझ्या घरी तरी आहे". सगळे बोलत होते. दोन महिने अख्खं गाव बोलत होतं, आणि ऐकणारं कोणी नव्हतं.

मोठं घर शेवटी उघडलं. ओढा न ओलांडायची सवय, पाय अडखळतोच.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यातलं, त्यांच्या मुलानं लिहिलेलं — "बाबा आज पहाटे गेले. अंत्यविधी सकाळी अकरा वाजता, छावणीच्या स्मशानभूमीत. बाबांची इच्छा होती की गावातलं कोणीतरी यावं."

काकासाहेब गेले! याच शहरात. रिक्षानं अशी किती लांब आहे छावणी? बोरखडीतलं एकही माणूस गेलं नाही.

खाली काकासाहेबांच्या पत्नीची, वहिनींची, एक ओळ. आशाबाईंनी स्वतः लिहिलेली असणार, कारण पूर्णविराम नाही — "तेरावं झालं कडी काढायला कोणी आलं नाही"



१५ नोव्हेंबर, शनिवार

मोठ्या घरी फोन केला. मुलानं उचलला, सत्यम. नाव सांगितलं.

"आप्पा म्हणजे ओढ्यापलीकडचे?"

"हो बाबा. काल कळलं. त्याचं असं झालं, की ते प्लगइन—"

"प्लगइन?" म्हणाला. "काका, माझे वडील शेवटचे चार दिवस मोबाइल छातीवर ठेवून पडले होते. दर थोड्या वेळानं विचारायचे, पारावर काही आलं का रे? तेव्हा कुठं होतं तुमचं गाव?"

काय सांगणार? त्यांनी आदिनाथसाठी कडी लावली होती, म्हणून त्यांचं कुणाला दिसलं नाही, हे? मायेनं लावलेल्या कडीनंच तुमचा बाप एकटा गेला, हे? "चुकलं," एवढंच म्हणालो. फोन बंद झाला होता.

आदिनाथनं दवंडीची एक सोय करून ठेवली आहे. मुख्य पानावरून लिहिलं की सगळ्यांच्या मोबाइलवर जातं. तिच्यातून लिहिलं. काय बिघडलं होतं, कसं सापडलं. आदिनाथ सगळ्यांच्या कड्या स्वतःच्या हातानं काढत होता, वरच्याही आणि खालच्याही. काकासाहेब आपल्याला हाका मारत गेले, आणि आपण त्यांची कडी वेळेवर काढू शकलो नाही. शेवटी लिहिलं — काल सगळ्यांच्या काढल्या. माझी तेवढी राहिली आहे. ती मला काढता येत नाही.

१६ नोव्हेंबर

पार भरून गेलाय. काकासाहेबांसाठी सगळे लिहितायत. बानानं ती कविता बोलून टाकली — शेवटच्या कडव्यासकट! मी वाचतो सगळं, उत्तर देता येत नाही. माझं घर अजून बंद आहे. त्या चौकोनापर्यंत हात गेला होता दुपारी. मागं घेतला.

रूपाचा मेसेज — "काका, मुदत वाढवली. बाबांच्या घराची कडी लावायची राहिलीच होती, ती मी लावते आज. तुम्ही काढायला याल ना?"

पार टिकला. पण ज्यांनी शेवटपर्यंत त्याची वाट पाहिली ते काकासाहेब गेले. कसला आनंद करू?

उद्या छावणीला त्यांच्या घरी जाईन. दारात उभं करतील न करतील.

१७ नोव्हेंबर

निघायला चप्पल घालत होतो. खळ्ळ— खण्. दचकलो. ग्रिलच्या दाराची कडी, बाहेरून कुणीतरी वाजवत होतं. उघडलं.

आशाबाई. मोठ्या घरच्या वहिनी — आमच्या दारात! मागं जिन्यात सत्यम, मान खाली. त्यांना चढून धाप लागलेली. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हाताच्या मुठीत काडेपेटी.

"इस्तू कुठून आणू आप्पाभाऊ, ही आणली," म्हणाल्या. "तुम्ही आमची काढली. तुमची कुठून काढायची, ते दाखवा."